यंत्राची साक्ष आणि शेऱ्याची जागा

कार्यालयातील संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा, हा प्रश्न वरवर पाहता लेखापालांचा किंवा अभियंत्यांचा वाटतो. भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. परंतु हा प्रश्न मुळात साधनचिकित्सेचा आहे, आणि साधनचिकित्सा हा आपल्याच घरचा विषय आहे. मराठीत त्याची पायाभरणी होऊन सव्वाशे वर्षे उलटली. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा होता. बखरीत काय सांगितले आहे यापेक्षा त्या त्या दिवशी, त्या त्या ठिकाणाहून लिहिलेला अस्सल कागद काय सांगतो याला अधिक मोल आहे, ही दृष्टी त्या खंडाने मराठी वाचकाला दिली. योगायोग असा की त्याच १८९८ साली लांग्लुआ आणि सेन्योबॉस या दोन फ्रेंच अभ्यासकांचा इतिहासपद्धतीवरील ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि बहिरंगपरीक्षण व अंतरंगपरीक्षण ही जोडी जगभरच्या अभ्यासक्रमांत रूढ झाली. कागद अस्सल आहे का, हा पहिला प्रश्न. अस्सल असला तरी तो खरे सांगतो का, हा दुसरा.

या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचे अलीकडच्या इतिहासातील सर्वांत दारुण उदाहरण पोथ्यापुराणांच्या किंवा दप्तरखान्यांच्या जगात सापडत नाही. ते सापडते इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतल्या टपाल कचेऱ्यांत. ब्रिटनच्या पोस्ट खात्याचे ‘होरायझन’ प्रकरण अनेकांनी वृत्तपत्रांतून वाचले असेल. त्याकडे बहुधा ‘सदोष संगणकप्रणालीची कथा’ म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्याकडे एका दस्तऐवजाच्या विश्वासार्हतेचा इतिहास म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम पार्श्वभूमी. ब्रिटनमधील बहुसंख्य लहान टपाल कचेऱ्या पोस्टाचे पगारी नोकर चालवीत नाहीत. कराराने नेमलेले सबपोस्टमास्तर त्या चालवितात. किराणा किंवा स्टेशनरीचे दुकान आणि त्याच छपराखाली टपालाची खिडकी, असे त्याचे सर्वसाधारण रूप. निवृत्तिवेतन वाटणे, तिकिटे विकणे, बचत खात्यांचे व्यवहार करणे ही कामे तेथे होत. आपल्या निष्काळजीपणाने किंवा चुकीने आलेली तूट सबपोस्टमास्तराने भरून द्यावी, असे करारात होते. हिशेब वहीत हाताने ठेवला जात होता तोवर तूट आली तर रात्री दिवा लावून बसायचे, पावत्या पुन्हा लावायच्या, बेरजा पुन्हा करायच्या, आणि चूक शोधून काढायची, हा क्रम होता. वही आपल्याच हातची असल्याने तिची तपासणीही आपल्याच आवाक्यात असे.

१९९९ पासून या कचेऱ्यांत होरायझन ही संगणकप्रणाली बसविण्यात आली. ती फुजित्सू या जपानी कंपनीच्या मालकीच्या आयसीएल या ब्रिटिश कंपनीने तयार केली होती. मूळ योजना सरकारी भत्ते कार्डावरून देण्याची होती. भत्तेवाटप करणाऱ्या सरकारी खात्याने मे १९९९ मध्ये अंग काढून घेतले आणि उरलेली प्रणाली पोस्टाच्या हिशेबासाठी वापरात आली. या बदलाने रोजकीर्द आणि खतावणी सबपोस्टमास्तराच्या हातून निघून दूरच्या यंत्रात गेली. करारातील जबाबदारी मात्र त्याच्याकडेच राहिली. हिशेब लिहिणारा हात एकाचा आणि तूट भरणारा खिसा दुसऱ्याचा, ही या साऱ्या दुःखाची सुरुवात होय.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील ब्रिडलिंग्टन या गावचे ली कासलटन यांची हकीकत पाहावी. २००४ साली त्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि ती सुमारे २५,००० पौंडांपर्यंत गेली. त्यांनी मदतवाहिनीला ९१ वेळा दूरध्वनी केला. पोस्टाने त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. वकील परवडत नसल्याने कासलटन स्वतःच न्यायालयात उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये दावा हरले. तुटीच्या रकमेहून कितीतरी मोठा, सुमारे ३,२१,००० पौंडांचा, खर्च त्यांच्यावर बसला आणि ते दिवाळखोर झाले. न्यायालयापुढे त्यांच्याविरुद्धचा एक महत्त्वाचा पुरावा कोणता होता? दर आठवड्याच्या हिशेबावर असलेली त्यांची स्वतःची सही.

ही सही कशी मिळत असे, याचा उलगडा पुढे २०१९ च्या निकालात झाला आणि तोच आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. हिशेबाची मुदत संपली की यंत्र शिल्लक दाखवी. ती मान्य केल्याखेरीज पुढचा हिशेब सुरू करता येत नसे आणि हिशेब सुरू केल्याखेरीज दुकान चालत नसे. वादातील रक्कम बाजूला काढून ठेवण्याची पूर्वी जी सोय होती ती २००५ च्या सुमारास काढून घेण्यात आली. पडद्यावर पर्याय उरले ते एवढेच : रोख भरा, धनादेशाने भरा, किंवा मुख्य कार्यालयाकडे खाती टाका. ‘हा आकडा मला मान्य नाही’ असे म्हणण्याचे बटण त्या पडद्यावर नव्हते. ज्याला वाद घालायचा त्याने मदतवाहिनीला दूरध्वनी करायचा, आणि त्या तक्रारीचा मागमूस हिशेबात कोठेही उमटत नसे.

मराठी दफ्तरी परंपरेत ‘शेरा’ हा एक साधा, कोरडा शब्द आहे. कागदाच्या समासात, वहीच्या शेवटच्या रकान्यात वरिष्ठ, कनिष्ठ, तपासनीस कोणीही दोन शब्द लिहून ठेवतो : ‘पावती मिळाली नाही’, ‘समक्ष खात्री केली’, ‘रक्कम अमान्य’. इतिहाससंशोधकाला कित्येकदा मजकुरापेक्षा शेराच अधिक उपयोगी पडतो, कारण मजकूर कार्यालयाची अधिकृत भूमिका सांगतो आणि शेरा त्या भूमिकेला पडलेली चीर दाखवितो. होरायझनच्या हिशेबात शेऱ्याची जागाच नव्हती. परिणामी हजारो शंका, हजारो दूरध्वनी आणि हजारो जागरणे यांतले काहीही दस्तऐवजात शिरले नाही. उरला तो एकसंध, निर्विवाद दिसणारा हिशेब. ज्याने निषेध केला त्याच्याच नावची संमती त्याखाली होती.

हॅम्पशरमधील साउथ वॉर्नबरो या खेड्यातील जो हॅमिल्टन यांनी सांगितलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. सुमारे २,००० पौंडांची तूट दुरुस्त करण्यासाठी मदतवाहिनीच्या सूचनेप्रमाणे त्या कळा दाबीत गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. चोरीचा आरोप मागे घेतला जावा आणि तुरुंग टळावा म्हणून त्यांनी खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. शिल्लक जुळते असे दाखवावे तर खोटा हिशेब, जुळत नाही असे दाखवावे तर पदरचे पैसे, अशी ती कोंडी होती. अशा स्थितीत केलेली कबुली म्हणजे सत्याचा पुरावा नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको. चौकशीच्या खोलीत घेतलेल्या जबानीकडे तो नेहमीच सावधपणे पाहतो.

या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा अध्याय २०१० सालचा आहे. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या सबपोस्टमास्तर, भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांच्यावर सुमारे ७४,००० पौंडांच्या चोरीचा खटला ऑक्टोबर २०१० मध्ये गिल्डफर्डला चालला. यंत्रात दोष असावा, असा त्यांचा बचाव होता. याच सुमारास फुजित्सू आणि पोस्ट यांच्यात एका दोषाविषयी बैठक झाली होती. त्या दोषामुळे साठेक शाखांच्या जमा-खर्चाचा मेळ बिघडला होता. बैठकीच्या टिपणात दोन धोके नमूद आहेत : ही गोष्ट शाखांना कळली तर प्रणालीवरील विश्वास उडेल, आणि जेथे हिशेबाच्या खरेपणाविषयी वाद आहे त्या चालू खटल्यांवर परिणाम होईल. दुरुस्तीचा एक पर्याय म्हणून शाखेच्या खात्यात बाहेरून नोंद लिहिण्याचा विचारही त्यात आहे. शाखेला न कळविता तिच्या नोंदी बदलणे नैतिकदृष्ट्या कितपत योग्य, असा प्रश्न त्या टिपणानेच उपस्थित केला आहे. म्हणजे अधिकृत हिशेबात नसलेला शेरा दुसऱ्या एका कागदावर होता. तो आरोपीच्या हाती आला नाही, इतकेच. मिश्रा यांना दोषी ठरवून नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा देण्यात आली. त्या वेळी त्या गरोदर होत्या.

कोणताही दस्तऐवज स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही, हे साधनचिकित्सेचे पहिले सूत्र. त्याला दुसऱ्या स्वतंत्र साधनाचा आधार हवा. सबपोस्टमास्तरांना असा आधार कोठून मिळणार? दुसऱ्या सबपोस्टमास्तराकडूनच. पण अनेकांनी पुढे एकच अनुभव सांगितला आहे : विचारणा केली की ‘अशी अडचण फक्त तुम्हालाच येते’ असे उत्तर मिळे. या एका वाक्याने प्रत्येक साक्षीदार दुसऱ्यापासून तोडला गेला. म्हणून या इतिहासाला वळण मिळाले ते एखाद्या तांत्रिक शोधाने नव्हे. माणसे एकमेकांना भेटली म्हणून. वेल्समधील लँडडनो येथील ॲलन बेट्स यांनी आपल्या खात्यातील तूट भरण्यास नकार दिला होता आणि २००३ मध्ये त्यांचा करार संपविण्यात आला होता. मे २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ या नियतकालिकात रिबेका थॉमसन यांनी सात सबपोस्टमास्तरांच्या हकीकती एकत्र छापल्या. त्याच वर्षी वॉरिकशरमधील फेनी कॉम्प्टन या गावाच्या सभागृहात बेट्स यांच्या पुढाकाराने हे लोक प्रथम एकत्र बसले. सात स्वतंत्र ठिकाणची, परस्परांशी परिचय नसलेली माणसे एकच गोष्ट सांगतात, तेव्हा संशोधकाच्या दृष्टीने ती अफवा राहत नाही. तो पुरावा होऊ लागतो.

पुढची दहा वर्षे झगड्यात गेली. ५५५ दावेदारांच्या सामुदायिक दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी मार्च २०१९ मध्ये कराराविषयी आणि १६ डिसेंबर २०१९ रोजी प्रणालीविषयी निकाल दिला. होरायझनमधील दोषांमुळे शाखांत खोटी तूट दिसू शकत होती आणि प्रत्यक्षात दिसलीही, हे त्यात सिद्ध झाले. स्कॉटलंडमधील डॅलमेलिंग्टन येथे २०१५ मध्ये पडदा गोठल्याने कळ पुन्हा पुन्हा दाबली गेली, ८,००० पौंडांची एक नोंद चार वेळा झाली आणि २४,००० पौंडांची तूट दिसू लागली. असे दोष त्यात नावानिशी नोंदले आहेत. फुजित्सूच्या कर्मचाऱ्यांना शाखांच्या खात्यांत बाहेरून शिरता येत होते, हेही पोस्टाला अखेर मान्य करावे लागले. आधी हीच गोष्ट अशक्य असल्याचे सांगितले गेले होते. ज्ञात दोषांची एक नोंदयादी फुजित्सूकडे वर्षानुवर्षे होती. ती दावेदारांना पाहावयास मिळावी यासाठीही भांडावे लागले.

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना गुन्हेगार ठरविण्यात आले होते. त्यांपैकी सुमारे ७०० खटले पोस्टाने स्वतःच चालविले होते. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यांत हॅमिल्टन आणि मिश्रा या दोघी होत्या. जानेवारी २०२४ मधील दूरचित्रवाणी मालिकेनंतर लोकमत इतके खवळले की मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून उरलेल्या शिक्षा रद्द केल्या. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. किमान १३ जणांनी या छळापायी जीव दिला असावा, अशी शक्यता त्यात नोंदविली आहे.

इतक्या न्यायाधीशांना आणि ज्यूरींना हा आकडा संशयास्पद का वाटला नाही? एक कारण कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या फौजदारी पुराव्याविषयीच्या कायद्यातील कलम ६९ अन्वये संगणकाची नोंद पुरावा म्हणून आणणाऱ्याने यंत्र नीट चालत होते हे दाखवून देणे आवश्यक होते. ही अट जाचक वाटू लागली. विधी आयोगाने १९९७ मध्ये ती काढण्याची शिफारस केली, १९९९ च्या कायद्याने ती रद्द झाली आणि २००० पासून तिचा अंमल थांबला. त्यानंतर यंत्र बिघडले होते असे दिसेपर्यंत ते बरोबर होते असे धरावे, हे गृहीतक उरले. बिघाड दाखविण्याची जबाबदारी अशा रीतीने आरोपीवर आली आणि दाखविण्याची साधने फिर्यादीकडे राहिली. ज्या काळात होरायझन कचेऱ्यांत बसत होते त्याच काळात हे घडले. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने या गृहीतकाच्या फेरविचारासाठी मते मागविली.

भारतातील प्रवास याच्या उलट दिशेने झाला, आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा अधिनियमात कलम ६५-ब आले. त्याचा साचा इंग्लंडच्या १९६८ च्या कायद्यातून घेतलेला होता आणि इंग्लंडने तो स्वतः १९९५ मध्येच टाकून दिला होता. संगणकीय नोंदीची प्रत सादर करताना ती कोणत्या यंत्रातून, कशी निघाली आणि यंत्र नीट चालत होते का, याचे जबाबदार व्यक्तीच्या सहीचे प्रमाणपत्र त्याला लागे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत २९६ मतांच्या फरकाने निकाल लागला होता. विजयी उमेदवाराचा अर्ज मुदतीनंतर, म्हणजे २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ नंतर, स्वीकारला गेला असा आक्षेप होता, आणि निर्वाचन अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रफिती हा पुरावा होता. याचिकाकर्त्यांनी वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ज्यांच्या ताब्यात यंत्र आहे तेच ते देत नसतील, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही. होरायझनच्या कहाणीतील मर्म इथे न्यायालयाने ओळखले आहे : नोंद ज्याच्या ताब्यात तो, आणि नोंदीचा ज्याला चटका बसतो तो, हे दोघे समान पातळीवर नसतात.

१ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तज्ज्ञाची सही आणि संचिकेचे हॅश मूल्य देणे आले. हॅश मूल्य म्हणजे संचिकेतील मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ती खूण बदलते. मोडी कागद हाताळलेल्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. मजकूर संपला तेथे मोर्तब करण्याची आणि ‘लेखनसीमा’ किंवा ‘मर्यादेयं विराजते’ अशा शिक्क्यांनी पुढची जागा बंद करण्याची पद्धत नेमकी याचसाठी होती : नंतर कोणी ओळ घुसडू नये.

पण मोर्तब असलेला कागद अस्सल असतो, एवढेच मोर्तब सांगते. त्यातील मजकूर खरा आहे की नाही, हे ते सांगत नाही. खोटी तूट दाखविणाऱ्या हिशेबाचेही हॅश मूल्य अगदी बिनचूक निघेल. बहिरंगपरीक्षणाची साधने विज्ञानाने कितीही सुधारली तरी अंतरंगपरीक्षणाचे काम माणसाकडेच राहते, आणि आजच्या कार्यालयांतून नेमके तेच गळून पडताना दिसते. विद्यार्थ्यांची हजेरी, गुण, शुल्क, अध्यापकांची रजा, मूल्यांकनाची माहिती हे सारे आता पोर्टलवर भरले जाते. ‘सिस्टीममध्ये असेच दाखवते’ हे वाक्य खिडकीपलीकडून उच्चारले गेले की संभाषण संपते. बोलणारा खोटे बोलत नसतो. त्याने फक्त साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसविलेले असते.

अशा वेळी विचारायचे प्रश्न नवे नाहीत. ही नोंद कोणी केली, माणसाने की यंत्राने? ती नंतर कोणाला बदलता येते आणि बदलल्याची खूण राहते का? या यंत्राचे ठाऊक असलेले दोष कोठे लिहिलेले आहेत आणि ते कोणाला पाहता येतात? नोंदीशी ताडून पाहावे असे दुसरे स्वतंत्र साधन (पावती, वही, माणूस) आहे का? आणि शेवटी, ज्याच्याविषयी ही नोंद आहे त्याला तिच्यापुढे ‘अमान्य’ असा शेरा लिहिता येतो का? राजवाड्यांच्या पिढीने बखरींना हेच प्रश्न विचारले. ते उद्धटपणाचे समजले गेले नाहीत, कारण त्यातून कोणाची नोकरी जाणार नव्हती. कार्यालयात ते विचारणे अवघड आहे. तरीही पाठचिकित्सा शिकविणाऱ्या वर्गाने ते विचारावयास शिकविले नाही, तर ते अन्यत्र कोठे शिकविले जातील, हे सांगणे कठीण आहे.

होरायझनच्या संगणकांनी हेतुतः कोणालाच फसविले नाही. त्यांनी चुका केल्या आणि चुका हस्तलिखितेही करतात. लेखनिकाच्या हातून ओळ गळते, आकडा दुबार होतो. अशा चुका दुरुस्त होतात, कारण दुसरा वाचक येतो, दुसरी प्रत ताडून पाहतो आणि समासात खूण करतो. समास राखून ठेवणे, हीच दस्तऐवजाच्या विश्वासार्हतेची पहिली अट आहे. ज्या नोंदीला समास नाही तिला पुरावा म्हणण्यापूर्वी थांबावे, एवढा धडा त्या टपाल कचेऱ्यांनी फार मोठी किंमत देऊन मागे ठेवला आहे.